लाइट आली, सर्व्हर चालू, एसी मात्र बंद: छोट्या सर्व्हर रूमच्या तापमानावर लांबून नजर कशी ठेवावी

मे महिन्यातला शनिवार होता. सहाला ऑफिस बंद झालं, आठच्या सुमारास लाइट गेली. यूपीएसने सर्व्हर सांभाळले, थोड्या वेळाने जनरेटर लागला, नऊला लाइट परत आली. सर्व्हर एका क्षणासाठीही बंद पडले नाहीत. पण त्या खोलीतला स्प्लिट एसी लाइट आल्यावर आपोआप सुरू होणारा नव्हता. तो रिमोटच्या बटणाची वाट पाहत थांबला, आणि बटण दाबायला सोमवारी सकाळपर्यंत तिथे कोणी नव्हतं. दार उघडलं तेव्हा भट्टीसमोर उभं राहिल्यासारखी धग अंगावर आली. दोन हार्ड डिस्क गेल्या होत्या, यूपीएसच्या बॅटऱ्या फुगल्या होत्या, आणि एका पतसंस्थेचं सोमवारचं कामकाज दुपारपर्यंत ठप्प होतं. भिंतीवर थर्मामीटर होता. तो दोन दिवस अचूक तापमान दाखवत होता, फक्त ते पाहायला कोणी नव्हतं.

त्या सोमवारनंतर मी माझ्याकडच्या प्रत्येक सर्व्हर रूमला लांबून पाहण्याची सोय केली. पतसंस्था, कॉलेज, छोटं हॉस्पिटल, एमआयडीसीतला कारखाना, अशा ठिकाणी एक-दोन रॅक (सर्व्हर बसवायची लोखंडी कपाटं) आणि एक-दोन स्प्लिट एसी असतात, आणि रात्री तिथे फक्त वॉचमन असतो. हा लेख अशाच खोल्यांसाठी आहे. एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे: तापमान मोजणं सोपं आहे. मोजणारं यंत्र, त्याचं नेटवर्क किंवा त्याचा वीजपुरवठा बंद पडला, तर ते आपल्याला कळणं अवघड आहे. आणि नेमक्या संकटाच्या वेळी या तिन्ही गोष्टी बंद पडतात.

आधी हिशेब: हाताशी किती वेळ आहे?

दहा बाय दहा फुटांची, नऊ फूट उंचीची खोली धरा. तिच्यात साधारण २५ घनमीटर, म्हणजे जेमतेम ३० किलो हवा मावते. ही हवा एका अंशाने तापवायला सुमारे ३० किलोज्यूल उष्णता लागते. रॅकमधली यंत्रं मिळून १५०० वॅट खात असतील, तर ती दर सेकंदाला दीड किलोज्यूल उष्णता बाहेर टाकतात. सर्व्हरला दिलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णताच होते. एकट्या हवेचा हिशेब केला, तर दर वीस सेकंदांना एक अंश! प्रत्यक्षात भिंती, फरशी आणि रॅकचं लोखंड बरीच उष्णता पिऊन घेतात, म्हणून वेग कमी होतो. पण वेळ मिनिटांतच मोजावी लागते. घरून निघून ऑफिसला पोचायला तुम्हाला चाळीस मिनिटं लागत असतील, तर तुमचा इशारा पहिल्या पाच मिनिटांत यायला हवा.

तुमच्या खोलीचा वॅटचा आकडा यूपीएसच्या पडद्यावर मिळतो. तो ३.४१२ ने गुणला की ताशी बीटीयू, म्हणजे एसीवाल्यांचं उष्णतेचं माप, मिळतं. एक टनाचा एसी म्हणजे ताशी १२,००० बीटीयू. १५०० वॅटसाठी सुमारे ५,१०० बीटीयू लागतात, म्हणजे एक टनाचा एसी दुपटीहून जास्त वाटतो. पण बाहेरचं आउटडोअर युनिट भर उन्हात गच्चीवर असेल, तर तो आकडा तितका खरा राहत नाही. एसीच्या कागदपत्रांत टी-१ की टी-३ असा हवामानाचा वर्ग दिलेला असतो. टी-१ वर्गात बाहेरच्या हवेची कमाल मर्यादा ४३ अंश धरलेली आहे, टी-३ मध्ये ५२. नागपूर, अकोला, चंद्रपूर या पट्ट्यात मे महिन्यात सावलीतलं तापमानच ४३ ओलांडतं, आणि गच्चीवरच्या तापलेल्या सिमेंटलगतची हवा त्याहून गरम असते. तिथे टी-१ वर्गाचा एसी दुपारी धापा टाकणारच. १९ जुलै २०२२ ला इंग्लंडमध्ये पारा पहिल्यांदाच चाळिशीपार गेला, तेव्हा लंडनमधल्या गुगल आणि ओरॅकलच्या डेटा सेंटरांतली थंडाव्याची यंत्रणा कोलमडली होती. आपल्याकडे विदर्भात चाळीस अंश हा एप्रिलमधला नेहमीचा आकडा आहे.

पहिली पायरी: सेन्सर कुठे लावायचे

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा थांबून वाचा.

एसीच्या रिमोटवर १८ दिसतं, ते खोलीचं तापमान नव्हे. ती आपण केलेली मागणी आहे. एसी बंद पडला तरी रिमोट १८ च दाखवत राहतो. भिंतीवरचा थर्मामीटरही फसवतो, कारण तो बहुधा दाराजवळ असतो, आणि सर्व्हरला मिळणारी हवा वेगळीच असते.

अमेरिकेतल्या अॅश्रे या एसी-वायुवीजन अभियंत्यांच्या संस्थेचे निकष जगभर वापरतात. सर्व्हर समोरून जी हवा आत ओढतो, ती १८ ते २७ अंश सेल्सिअस असावी, असं ते सांगतात. 'समोरून आत जाणारी हवा' हे शब्द महत्त्वाचे आहेत. मागून बाहेर पडणारी हवा ३५-४० अंश असणं अगदी साहजिक आहे, तिच्यावर इशारा लावलात तर रोज रात्री उगाच उठाल.

एका रॅकच्या खोलीत मी चार सेन्सर लावतो. पहिला रॅकच्या पुढच्या बाजूला, वरून साधारण एक फूट खाली. मागची गरम हवा वरून फिरून पुढे येते, त्यामुळे सर्वांत वरच्या सर्व्हरला सर्वांत गरम हवा मिळते. खोली तापल्याचा इशारा द्यायचा तो याच सेन्सरवरून. दुसरा पुढच्याच बाजूला तळाशी. वरच्या आणि खालच्या आकड्यात पाच-सहा अंशांचा फरक दिसला, तर रॅकमधल्या रिकाम्या जागांवर झाकणपट्ट्या लावायची वेळ आली आहे. तिसरा रॅकच्या मागे, फक्त आलेखासाठी.

चौथा एसीच्या वाऱ्याच्या तोंडाशी, आणि माझ्या मते हा सगळ्यांत मोलाचा. चालू एसीचा वारा खोलीतल्या हवेपेक्षा साधारण ८ ते १२ अंशांनी थंड असतो. कॉम्प्रेसर बंद पडला की हा फरक काही मिनिटांत नाहीसा होतो. खोली अजून २५ वरच असते, सर्व्हरला काहीच जाणवलेलं नसतं, आणि तुम्हाला मात्र एसी गेल्याचं कळलेलं असतं. रॅकवरचा सेन्सर संकट आल्यावर सांगतो, हा ते येताना सांगतो. एसी दोन असतील तर दोन्हींच्या तोंडाशी एकेक लावा. नाहीतर एक बंद पडल्यावर दुसरा एकट्याने खिंड लढवत राहतो, आणि दुसराही थकेपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही.

कोकणपट्टीत आणि मुंबईत आर्द्रताही मोजा. अॅश्रेची शिफारस सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांपर्यंतची आहे. पावसाळ्यात एसी १६ वर लावून दार उघडं ठेवलं, तर थंड पत्र्यावर दंव धरतं. शिवाय एसीच्या पाण्याची नळी तुंबली की पाणी आतच गळतं, म्हणून इनडोअर युनिटखाली फरशीवर ओल ओळखणारा साधा सेन्सर ठेवा. इनडोअर युनिट रॅकच्या डोक्यावरच बसवलेलं असेल, तर आधी ते हलवून घ्या. सेन्सरची खरेदी नंतर केली तरी चालेल.

दुसरी पायरी: आहे त्या यंत्रांना विचारा

एक रुपयाही खर्च करण्याआधी हे करा. रॅकमधल्या बहुतेक ब्रँडेड सर्व्हरमध्ये आत येणाऱ्या हवेचा सेन्सर असतोच. डेलमध्ये आयड्रॅक, एचपीईमध्ये आयएलओ, इतरांत आयपीएमआय नावाने एक स्वतंत्र छोटा संगणक मदरबोर्डवर असतो. सर्व्हर बंद असला, पण वायरीत वीज असली, तरी हा जागा राहतो. त्याच्या पोर्टला नेटवर्कची वायर जोडा, आयपी पत्ता द्या, मूळचा पासवर्ड त्याच दिवशी बदला, आणि त्याचं पान उघडून आत येणाऱ्या हवेचं तापमान बघा. लिनक्सवर 'आयपीएमआयटूल' ही आज्ञा हाच आकडा एका ओळीत देते.

यूपीएसमध्ये नेटवर्क कार्डाची फट असेल, तर त्या कार्डाला तापमानाचा प्रोब, म्हणजे वायरीच्या टोकाला बसवलेला सेन्सर, जोडता येतो. कार्ड महाग असतं, पण लाइट गेली, बॅटरी किती उरली, हेही त्यातूनच कळतं. वाचन एसएनएमपीने होतं, म्हणजे नेटवर्कवरच्या यंत्रांची स्थिती विचारायच्या ठरीव पद्धतीने. शक्य असेल तर तिसरी आवृत्ती वापरा, पहिल्या दोन आवृत्त्यांत परवलीचा शब्द उघडाच जातो. हे पोर्ट इंटरनेटवर कधीही उघडे ठेवू नका. आयपीएमआय तर मुळीच नको. ते हाती लागलं की अख्खा सर्व्हर हाती लागला.

ज्यांच्याकडे साधा टॉवर सर्व्हर आहे, त्यांनी हार्ड डिस्कच्या 'स्मार्ट' नोंदीतलं (डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिच्यातलं) तापमान घ्यावं. ते हवेचं तापमान नाही, पण रोजच्यापेक्षा दहा अंश वर गेलं तर खोलीत काहीतरी बिघडलं आहे हे नक्की.

एवढ्यावर थांबू मात्र नका. सर्व्हरचा सेन्सर सर्व्हरबरोबरच जातो. पाहणारा वेगळा हवा.

तिसरी पायरी: स्वतंत्र सेन्सर

बजेट असेल तर इथरनेट पोर्ट असलेला तयार तापमान मॉनिटर घ्या आणि चौथ्या पायरीवर जा. हॉस्पिटलसारख्या ठिकाणी मी तेच सुचवतो. उद्या तुम्ही नोकरी सोडली तरी पुढच्या माणसाला तो समजतो.

बजेट नसेल तर स्वतः जोडणं अवघड नाही. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला सगळं एका फेरीत मिळतं: ईएसपी३२ बोर्ड (वायफाय असलेला छोटा संगणक), स्टीलच्या टोपणातले डीएस१८बी२० हे तापमानाचे प्रोब, ४.७ किलोओहमचा एक रेझिस्टर, चांगला ५ व्होल्टचा चार्जर आणि प्लास्टिकचा डबा. डीएस१८बी२० उणे १० ते ८५ अंशांच्या पट्ट्यात अर्ध्या अंशाच्या फरकाने वाचतो, आपल्याला तेवढं पुरे. आर्द्रता हवी असेल तिथे एसएचटी३१ सेन्सर लावा. निळ्या डबीतला स्वस्त डीएचटी११ घेऊ नका, त्याचा फरकच दोन अंशांचा असतो.

जोडणी अशी. प्रोबच्या तीन वायरी असतात. बहुधा लाल वीज, काळी ग्राउंड आणि पिवळी डेटा. 'बहुधा' म्हणतो, कारण बाजारात वेगळ्या रंगांचे प्रोबही येतात. पाकिटावरची आकृती बघितल्याशिवाय वीज देऊ नका. लाल वायर बोर्डाच्या ३.३ व्होल्टला, काळी ग्राउंडला, पिवळी कोणत्याही एका मोकळ्या पिनला, आणि रेझिस्टर लाल व पिवळीच्या मध्ये. सगळे प्रोब याच तीन वायरींवर एकामागून एक जोडता येतात, कारण प्रत्येकाच्या पोटात ६४ बिटांचा स्वतःचा क्रमांक असतो. लांबीसाठी कॅट-५ किंवा कॅट-६ केबल वापरा. वायर सरळ एका ओळीत न्या, एका जागेवरून चारी दिशांना फाटे फोडले तर वाचन अडखळतं.

बोर्डात ईएसपीहोम हे मुक्त सॉफ्टवेअर घाला. त्यात प्रोग्राम लिहावा लागत नाही, कोणत्या पिनवर काय आहे आणि किती सेकंदांनी वाचायचं, एवढी यादी द्यायची. ३० सेकंदांनी एकदा वाचलं तरी भरपूर. पहिल्यांदा बोर्ड सुरू केल्यावर नोंदीत सगळ्या प्रोबचे क्रमांक दिसतील. कोणता कुठला हे ओळखायला एकेक प्रोब मुठीत धरा. ज्याचा आकडा चढेल त्यावर तिथल्या तिथे चिठ्ठी चिकटवा: 'रॅक पुढे वर', 'एसी १ वारा'. हे नंतर करू म्हणालात तर रात्री दोन वाजता पस्तावाल.

बसवण्याआधी सगळे प्रोब रबर बँडने एकत्र बांधून बर्फाच्या पाण्यात बुडवा. ग्लासात बर्फाचा चुरा काठोकाठ, त्यात थोडं पाणी, अधूनमधून ढवळायचं, आणि दहा मिनिटं थांबायचं. सगळ्यांनी शून्याच्या आसपास, अर्ध्या अंशाच्या आत वाचायला हवं. नकली प्रोब बाजारात खूप आहेत, आणि ते इथेच पकडले जातात. थोडा फरक असेल तर ईएसपीहोममध्ये तेवढी दुरुस्ती टाका, फार असेल तर प्रोब बदला.

दोन आकडे लक्षात ठेवा: ८५ आणि उणे १२७. वीज अडखळून परत आली की डीएस१८बी२० पहिल्या वाचनात ८५ सांगतो, तो त्याचा सुरुवातीचा ठरीव आकडा आहे. वायर तुटली की काही प्रोग्राम उणे १२७ दाखवतात. हे दोन्ही आकडे तापमान म्हणून स्वीकारू नका, पण फेकूनही देऊ नका. 'सेन्सर बिघडला' असा वेगळा इशारा त्यांच्यावर लावा.

प्रोब झिप टायने बांधा, पण रॅकच्या लोखंडाला टेकवू नका. हवेत लोंबता ठेवा, नाहीतर तो पत्र्याचं तापमान सांगेल. बोर्ड स्वतः कोमट होतो, म्हणून तो आणि सेन्सर एका डब्यात नकोत.

वीज आणि नेटवर्कबद्दल माझं मत ठाम आहे. बोर्ड यूपीएसवर हवा, आणि त्याचा स्विच व राउटरही यूपीएसवरच हवा. ईएसपी३२ चं वायफाय फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतं आणि लोखंडी रॅकच्या आड अशक्त होतं. इथरनेट असलेला ईएसपी३२ बोर्ड मिळत असेल तर थोडे जास्त पैसे देऊन तोच घ्या.

चौथी पायरी: आकडा खोलीबाहेर पोचवणे

बरेच जण इथे राउटरमध्ये पोर्ट उघडून आतलं पान बाहेरून पाहायचा प्रयत्न करतात. तसं करू नका. एक तर ते धोक्याचं, आणि दुसरं म्हणजे बऱ्याच ब्रॉडबँड जोडण्यांना स्वतःचा सार्वजनिक आयपी मिळतच नाही, त्यामुळे ते चालतही नाही. दिशा उलटी ठेवा. खोलीतल्या यंत्राने स्वतःहून बाहेर आकडे पाठवावेत, बाहेरून कोणी आत येऊ नये.

यासाठी एमक्यूटीटी ही छोटे निरोप पाठवायची पद्धत उत्तम. १९९९ मध्ये दूरवरच्या तेलवाहिन्यांची माहिती उपग्रहाच्या महागड्या, तुटक जोडणीवरून आणण्यासाठीच ते बनवलं गेलं. आपलं काम त्याच जातीचं आहे. बाहेर भाड्याने एक छोटा क्लाउड सर्व्हर घ्या, त्यावर मॉस्क्विटो हा ब्रोकर (निरोप घेऊन पुढे वाटणारा प्रोग्राम) ठेवा, टीएलएससह, म्हणजे निरोप कुलूपबंद करून, ८८८३ पोर्ट आणि प्रत्येक बोर्डाला वेगळं नाव व पासवर्ड द्या. त्याच सर्व्हरवर आकडे साठवायला इन्फ्लक्सडीबी आणि आलेखाला ग्राफाना, किंवा दोन्हींऐवजी झॅबिक्स हे नजर ठेवणारं एकच सॉफ्टवेअर. आधीच झॅबिक्स किंवा पीआरटीजी वापरत असाल तर नवीन काही उभारू नका, आहे त्यात सेन्सर जोडा. सर्व्हरच्या आयड्रॅकचं पान घरून बघायचं असेल तर त्यासाठी वायरगार्डसारखं व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारा खाजगी, सुरक्षित रस्ता) ठेवा.

आलेखाची वेळ तपासा. सर्व्हरचं घड्याळ बहुधा जागतिक वेळेवर असतं, आणि मग रात्री साडेआठची घटना दुपारी तीनची दिसते. ती साडेपाच तासांची चूक एसीवाल्याशी बोलताना फार गोंधळ घालते.

आता या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग. पाहणारा प्रोग्राम खोलीबाहेर का ठेवला? कारण खोलीतला प्रोग्राम 'लाइट गेली, यूपीएस संपला, मी चाललो' हे सांगायला जिवंतच राहत नाही. म्हणून बाहेरच्या सर्व्हरवर पहिला नियम तापमानाचा लावू नका, शांततेचा लावा: पाच मिनिटं एकही आकडा आला नाही तर इशारा. झॅबिक्समध्ये यासाठी 'नोडेटा' हे फंक्शन आहे. अपटाइम कुमा या तशाच सॉफ्टवेअरमध्ये 'पुश' प्रकारचा मॉनिटर आहे, आणि एमक्यूटीटीत 'लास्ट विल' आहे. यंत्र अचानक गेलं, तर त्याने आधीच ठेवून दिलेला निरोप ब्रोकर सगळ्यांना देतो. आणि बाहेरचा सर्व्हरच बंद पडला तर? त्याने दर पाच मिनिटांनी हेल्थचेक्ससारख्या एखाद्या तिसऱ्या सेवेला हाक मारावी. हाक थांबली की ती सेवा तुम्हाला ईमेल करेल.

रोज सकाळी 'सगळं ठीक' असा मेसेज यावा, अशी सोय काही जण करतात. मी करत नाही. न आलेला मेसेज माणसाच्या लक्षात येत नाही, ते यंत्राचंच काम आहे.

पाचवी पायरी: मर्यादा ठरवणे

पहिला आठवडा एकही इशारा लावू नका. फक्त आलेख बघा. साध्या एसीचा कॉम्प्रेसर मधेमधे आपणहून थांबतो, तेव्हा वाऱ्याचं तापमान काही मिनिटं चढतं आणि पुन्हा उतरतं. हे थांबणं तुमच्या खोलीत किती मिनिटांचं आहे ते समजल्याशिवाय एसीच्या इशाऱ्याचा आकडा ठरवता येत नाही. सर्वांत लांब थांबा सात मिनिटांचा दिसला, तर 'वारा आणि खोली यांतला फरक १२ मिनिटं ३ अंशांपेक्षा कमी' अशी अट ठेवा.

रॅकच्या पुढच्या वरच्या सेन्सरसाठी माझे सुरुवातीचे आकडे असे असतात: २८ अंश पाच मिनिटं टिकले तर साधा मेसेज, ३२ ला फोन वाजलाच पाहिजे, ३५ ला बिनमहत्त्वाचे सर्व्हर बंद करायला सुरुवात, ३८ ला सगळं व्यवस्थित बंद. बऱ्याच सर्व्हरची कंपनीने दिलेली मर्यादा ३५ च्या आसपास असते, तुमच्या मॉडेलची बघून घ्या. याशिवाय चढण्याच्या वेगावर एक नियम: दहा मिनिटांत ३ अंश वाढ झाली तर आकडा कितीही असो, कळवा. इशारा मागे घ्यायचा आकडा चढायच्या आकड्यापेक्षा दोन अंश खाली ठेवा, म्हणजे २७.९ आणि २८.१ च्या मधल्या झोक्यांवर फोन सतत वाजणार नाही.

बॅटऱ्यांसाठी मर्यादा याहून कडक हवी. यूपीएसमधल्या सीलबंद लेड-अॅसिड बॅटऱ्यांचं आयुष्य २५ अंशांच्या वर दर आठ-दहा अंशांना साधारण निम्मं होतं. बॅटरी बँक बाजूच्या बिनएसीच्या खोलीत ठेवली असेल, तर तिथेही एक प्रोब लावा.

सहावी पायरी: झोपलेल्या माणसाला उठवणे

टेलिग्रामचा बॉट फुकट आहे आणि पाच मिनिटांत तयार होतो. दिवसाच्या इशाऱ्यांना तो पुरतो. रात्री मात्र फोन सायलेंटवर असतो, तेव्हा त्या एका चॅटचा आवाज 'व्यत्यय नको' मधून वगळून ठेवा आणि खरोखर वाजतो का ते बघा.

एसएमएस हवा असेल तर आपल्याकडची अडचण आधी समजून घ्या. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१८ च्या नियमांमुळे गेटवेमार्फत (एसएमएस पाठवून देणाऱ्या कंपनीमार्फत) एसएमएस पाठवायचा तर संस्थेची, पाठवणाऱ्या नावाची आणि मजकुराच्या साच्याची डीएलटी या टेलिकॉम कंपन्यांच्या नोंदवहीत नोंदणी लागते. एका सर्व्हर रूमसाठी तो व्याप मोठा आहे. त्यापेक्षा खोलीतच सिम कार्डाचा मोडेम ठेवा. ब्रॉडबँड गेलं तरी तो बोलतो, हा त्याचा दुसरा फायदा. स्वस्तातला सिम८०० मोड्यूल २जीवर चालतो आणि जिओचं २जी नाहीच, म्हणून जिओचं सिम असेल तर ४जी मोड्यूलच घ्या. सिम८०० क्षणभर दोन अँपिअरपर्यंत वीज ओढतो. अशक्त चार्जरवर तो नेमका मेसेज पाठवतानाच रिसेट होतो. सिमची वैधता संपण्याची तारीख कॅलेंडरमध्ये टाका.

मजकूर असा लिहा की अर्धवट झोपेतही काय करायचं ते कळेल. 'क्रिटिकल अलर्ट: सेन्सर ४' हे निरुपयोगी आहे. 'सर्व्हर रूम ३२ अंश, एसी १ चा वारा ३० अंश, लाइट आहे. एसी बंद दिसतोय. वॉचमन काकांना फोन करा' हे कामाचं. दहा मिनिटांत कोणी 'बघतोय' असं कळवलं नाही, तर निरोप दुसऱ्या माणसाकडे जायला हवा.

तिथे प्रत्यक्ष पोचणारा माणूस बहुधा वॉचमनच असतो, म्हणून दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरांत मराठीत कागद लावा: एसीचा एमसीबी कोणता, रिमोट कुठे टांगला आहे, कोणतं बटण, टेबल फॅन कुठे ठेवायचा. एसी सुरू होतच नसेल तर दार उघडून फॅन दारात खाली, वारा आत जाईल असा लावावा. गरम हवा वरच्या फटीतून बाहेर पडते. कुठल्याही सर्व्हरच्या वायरीला हात लावायचा नाही, हेही लिहा. आणि एकदा त्यांना आत नेऊन सगळं करून दाखवा. कागदापेक्षा ते लक्षात राहतं.

सातवी पायरी: माणूस पोचेपर्यंत

एसीची 'ऑटो रिस्टार्ट' सोय आहे का ते आधी बघा. आमच्या त्या शनिवारचा सगळा अनर्थ एवढ्याने टळला असता. नसेल तर ईएसपी३२ ला इन्फ्रारेड एलईडी जोडून रिमोटचाच संकेत पाठवता येतो. ईएसपीहोममध्ये बऱ्याच कंपन्यांच्या एसीचे संकेत तयार आहेत. इन्फ्रारेड एकतर्फी असतं, एसीने ऐकलं की नाही ते कळत नाही. पण आपल्याकडे वाऱ्याचा सेन्सर आहे. संकेत पाठवा, दहा मिनिटं थांबा, वारा थंड झाला नाही तर पुन्हा एकदा पाठवा, तरीही नाही तर माणसाला उठवा. एसीची वीज रिलेने (बोर्डाने चालवायच्या स्विचने) तोडून-जोडून त्याला 'जागा' करण्याचा प्रकार टाळा. कॉम्प्रेसरला थांबल्यावर तीनेक मिनिटांची उसंत लागते, ती न मिळाल्यास तोच जळतो.

सर्व्हर बंद करण्याचा क्रम लिहून ठेवा आणि स्क्रिप्टमध्ये तसाच ठेवा: आधी चाचणीचे आणि बॅकअपचे, मग अॅप्लिकेशन, मग डेटाबेस, सगळ्यांत शेवटी स्टोरेज. यूपीएसची बॅटरी संपत आल्यावर बंद करायला नेटवर्क यूपीएस टूल्स हे मुक्त सॉफ्टवेअर वापरत असाल, तर तीच स्क्रिप्ट तापमानासाठीही वापरा, दोन वेगळ्या ठेवू नका. आपोआप बंद होऊ द्या, पण आपोआप सुरू मात्र होऊ देऊ नका. खोली खरोखर गार झाली आहे, हे माणसाने पाहूनच बटण दाबावं.

आठवी पायरी: स्वतः एसी बंद करा

ही पायरी टाळणारे फार, आणि तिच्याशिवाय वरचं सगळं नुसता अंदाज आहे. कामाच्या दिवशी दुपारी, सगळ्यांना सांगून, बॅकअप झाल्याची खात्री करून, खोलीत स्वतः उभे राहून एसी बंद करा. हातात घड्याळ ठेवा. पहिला मेसेज किती मिनिटांनी आला, २८ किती मिनिटांनी, ३० किती मिनिटांनी, ते लिहा. ३२ ला फोन वाजला की एसी सुरू करा आणि खोली उतरायला किती वेळ लागतो तेही लिहा. बरोब्बर हेच आकडे तुमच्या हाताशी किती वेळ आहे ते सांगतात, वरचा माझा हिशेब नव्हे.

मग एकेक गोष्ट तोडून बघा. एक प्रोब काढा. बोर्डाची वीज काढा. राउटरची इंटरनेटची वायर काढा. प्रत्येक वेळी पाच-सहा मिनिटांत निरोप आलाच पाहिजे. एका ठिकाणी मला या चाचणीत कळलं, की राउटर यूपीएसच्या नव्हे तर बाजूच्या साध्या सॉकेटवर होता. लाइट जाताच खोली मुकी होत होती, आणि हे दोन वर्षं कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

ही चाचणी मार्चमध्ये, उन्हाळ्याआधी, आणि पुन्हा मेअखेर, पावसाआधी करा. त्याच दिवशी आउटडोअर युनिटची जाळी धुऊन घ्या, कबुतरांचं घरटं असेल तर बघा. मागच्या वर्षाच्या आलेखाशेजारी या वर्षाचा ठेवा. वारा आणि खोली यांतला फरक दहावरून सहावर आला असेल, तर गॅस कमी झाला आहे किंवा जाळी चोंदली आहे, एसीवाल्याला आत्ताच बोलवा. दारामागच्या कागदावरचे फोन नंबर वाचा आणि प्रत्येकाला एकदा लावून बघा. मागच्या खेपेचे वॉचमन काका गावी गेले असतील, तर नव्या माणसाला आत न्या, रिमोट दाखवा, आणि कागदाच्या खालच्या कोपऱ्यात त्या दिवसाची तारीख टाका.